गाणे, चाल आणि कॉपीराइट: कोकणातील कलावंत, मंडळे व व्यावसायिक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी-कुडाळपासून रत्नागिरी, चिपळूण आणि थेट अलिबागपर्यंत गाण्याबजावण्याशी संबंध असलेल्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुनःपुन्हा विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. मी व्यवसायाने वकील आहे आणि गणपतीत वाडीच्या भजनात झांज वाजवतो, त्यामुळे हे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतात. उत्तरे भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ वर आणि २०१२ साली त्यात झालेल्या दुरुस्तीवर आधारलेली आहेत. नोटीस प्रत्यक्ष हातात पडली असेल, तर मात्र हे वाचत न बसता कागद घेऊन वकिलाकडे जावे.

एका गाण्याचा मालक नेमका कोण असतो?

बहुधा एकच मालक नसतो, आणि पुढचे बहुतेक घोटाळे हे लक्षात न घेतल्यामुळेच होतात. गाण्याचे शब्द ही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती असते व तिचा पहिला मालक गीतकार असतो. चाल ही वेगळी संगीतकृती असते व ती संगीतकाराची असते; कायद्याने संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळले आहेत. स्टुडिओत ते गाणे ध्वनिमुद्रित झाले की तिसरी कृती जन्माला येते. तिचा कर्ता निर्माता, म्हणजे ते काम उभे करण्यासाठी पुढाकार घेणारा आणि जबाबदारी उचलणारा, मग ती कंपनी असो वा गावातला कॅसेटवाला. गायक आणि वादक यांना यापैकी कशाचीही मालकी नसली, तरी त्यांच्या सादरीकरणावर त्यांचा स्वतंत्र हक्क असतो.

म्हणून ‘अमुक गाणे वापरले तर चालेल का’ असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो: शब्द वापरणार, चाल वापरणार, की ध्वनिमुद्रण वाजवणार? ऑर्केस्ट्रात गायक स्वतः गातो तेव्हा शब्द आणि चाल वापरली जाते, मूळ ध्वनिमुद्रण नाही. डीजे पेनड्राइव्ह लावतो तेव्हा तिन्ही गोष्टी एकदम वापरल्या जातात. भजनी बुवा स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर बसवतात तेव्हा फक्त चाल परकी असते.

हा हक्क किती वर्षे टिकतो?

शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. १९७२ साली निघालेली तबकडी २०३२ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा आहे.

आपल्याच किनाऱ्यावरचे चार कवी घेतले की हिशेब स्पष्ट होतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितेला आज कोणीही नवी चाल लावावी. आरती प्रभू १९७६ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांसाठी २०३६ च्या अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची परवानगी लागेल. बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले, त्यांची मुदत २०४४ ला संपते. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर २०१५ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०७५ च्या अखेरपर्यंत राखीव आहेत. एखादी रचना कवीच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झाली असेल, तर तिची ६० वर्षे मृत्यूपासून न मोजता प्रसिद्धीपासून मोजतात, हा अपवाद ध्यानात ठेवावा.

शब्द आणि चाल यांची मुदत वेगवेगळ्या वर्षी संपू शकते. रामनवमीला आपल्याकडे देवळादेवळांत म्हटल्या जाणाऱ्या गीतरामायणाचे शब्द गदिमांचे आहेत आणि ते १९७७ साली गेले; चाली सुधीर फडके यांच्या आहेत आणि ते २००२ साली गेले. त्यामुळे शब्द १ जानेवारी २०३८ रोजी मोकळे होतील आणि चाली १ जानेवारी २०६३ रोजी. मधली २५ वर्षे तेच शब्द दुसऱ्या चालीत म्हणायला कायद्याची हरकत नसेल. श्रोत्यांची असेल, तो भाग निराळा.

आरत्या, अभंग, कोळीगीते, शिमग्याची गाणी तर पारंपरिकच आहेत. ती मोकळी नाहीत का?

मोकळीच आहेत. रामदासांच्या आरत्या, तुकोबांचे अभंग, जाखडीतली जुनी गाणी, नमनातले पारंपरिक गण, पालखीपुढे वाजणाऱ्या खालूबाजाच्या जुन्या धुना यांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. राग आणि ताल यांच्यावरही नाही; भैरवी कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही.

अडचण दुसरीकडे आहे. अभंग तुकोबांचा असला तरी त्याला ४० वर्षांपूर्वी एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्या संगीतकाराची असते, आणि आपल्या कानात अभंग म्हणून जे बसलेले असते ती बहुतेक वेळा हीच चाल असते. आरती मोकळी असली तरी मांडवात लावलेली तिची तबकडी मोकळी असतेच असे नाही. शिवाय जुन्या कॅसेटवर ‘पारंपरिक’ असे छापलेले असणे हा पुरावा नव्हे. रायगडच्या किनाऱ्यावर गायली जाणारी कित्येक कोळीगीते प्रत्यक्षात विसाव्या शतकात कोणीतरी बसून लिहिलेली आहेत आणि लिहिणाऱ्याचे नाव कॅसेटवाल्याने गाळलेले आहे. गाणे व्यावसायिक कामासाठी घ्यायचे असेल तर गावातल्या वयस्कर मंडळींना विचारावे, जुन्या गाण्यांच्या वह्या पाहाव्यात आणि कोणाचे नाव निघते का याचा शोध घ्यावा. हा शोध घेतल्याची टिपणे जपून ठेवली तर पुढे प्रामाणिकपणा दाखवायला ती उपयोगी पडतात.

आमचे बुवा चित्रपटगीतांच्या चालींवर गजर आणि गवळणी रचतात. शब्द पूर्णपणे त्यांचे असतात. यात गैर काय?

हा प्रश्न कोकणात सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी लोकांना आवडते. एका डबलबारीनंतर, म्हणजे दोन बुवांच्या भजनांच्या सामन्यानंतर, एक बुवा मला म्हणाले होते, “वकीलसायबानू, चाल काय कोणाच्या बापाशीची हा?” बुवांच्या वहीत प्रत्येक गजराच्या डोक्यावर लाल शाईने ‘चाल:’ असे लिहून पुढे चित्रपटगीताचा मुखडा दिलेला होता. ती वही म्हणजे चाल कोणाकडून घेतली याची बुवांनी स्वतःच्या हाताने दिलेली कबुलीच होती. चालीचा उल्लेख करणे हा शिष्टाचार झाला. त्याने परवानगी मिळत नाही.

कायद्याची स्थिती अशी आहे. नवे शब्द बुवांचे, म्हणून त्या शब्दांवर बुवांचाच कॉपीराइट. चाल मात्र संगीतकाराची किंवा ज्याच्याकडे त्याने हक्क दिले त्याची. ती जाहीरपणे सादर करणे, ध्वनिमुद्रित करणे, तिची नवी मांडणी करणे आणि ती इंटरनेटवर ठेवणे, हे सगळे हक्क त्याच्याकडे राखीव असतात. शक्तीतुऱ्यातले शाहीर सवाल-जबाबासाठी गाजलेल्या चाली घेतात, तेथेही हेच लागू होते.

आता व्यवहार. देवळात सप्ताहाला किंवा गणपतीसमोर बसून वाडीची मंडळी भजन करतात, तेव्हा कलम ५२ मधील धार्मिक विधीची सूट साधारणपणे त्यांच्या बाजूने उभी राहते. तिकीट लावलेली, मैदानात मंडप घालून, प्रायोजकांचे फलक झळकवून केलेली डबलबारी हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. तेथे ही सूट ताणून लावता येणार नाही. आणि प्रत्यक्षात वाद उभा राहतो तो बारीच्या मैदानात नव्हे, तर दुसऱ्या दिवशी तिची चित्रफीत यूट्यूबवर चढते आणि जाहिरातींचे पैसे चालू होतात तेव्हा.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर जुने बुवा रागांवरून स्वतः चाली बांधत असत आणि त्या अधिक टिकल्या. स्वतःची चाल बांधणाऱ्या बुवांना परवानगी मागावी लागत नाही. उलट इतरांना त्यांच्याकडे मागावी लागते.

पाच-दहा सेकंद किंवा आठ स्वरांपर्यंत चाल घेतली तर चालते, असे ऐकले आहे. खरे का?

खोटे. भारतीय कायद्यात सेकंदांची किंवा स्वरांची अशी कोणतीही सवलत नाही. घेतलेला भाग छोटा असला तरी तो गाण्याची ओळख ठरणारा आहे का, हे न्यायालय पाहते. २००८ साली संगीतकार राम संपत यांनी जाहिरातीसाठी केलेल्या एका छोट्या धुनेवरून मुंबई उच्च न्यायालयात जो वाद झाला, त्यात धून छोटी होती हा बचाव चालला नाही.

गणेशोत्सवात मंडपात गाणी लावण्यासाठी परवाना लागतो का?

कोकणातला गणपती मुख्यतः घरचा. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसह घरोघर होणाऱ्या आरत्या आणि भजनांना कोणताही परवाना लागत नाही. सार्वजनिक मंडळांच्या बाबतीत मात्र मांडवात चाललेल्या प्रत्येक गोष्टीचा वेगळा विचार करावा लागतो.

कलम ५२ नुसार प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात केलेले सादरीकरण किंवा वाजवलेले ध्वनिमुद्रण हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. आरती, पूजा, भजन हे त्यात सहज बसते. दुसरी सूट हौशी मंडळांसाठी आहे: हौशी क्लबने किंवा संस्थेने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेले सादरीकरण कॉपीराइटचा भंग मानले जात नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावातल्या पोरांनी केलेले नाटक या सुटीत येते. व्यावसायिक कंपनी बोलावून केलेले येत नाही, कारण ती कंपनी हौशी नसते.

पण त्याच मांडवात रात्री ‘रेकॉर्ड डान्स स्पर्धा’ ठेवली, प्रवेश फी घेतली, बक्षिसांना दुकानदारांची नावे दिली, तर ती पूजेचा भाग आहे असे सांगताना अध्यक्षांनाच हसू येईल. अशा कार्यक्रमाला परवाना घ्यावा. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेवर चित्रपटगीते लावण्याचा विषय वादाचा आहे. कायद्याने लग्नाच्या वरातीचा उल्लेख स्पष्टपणे केला आहे, विसर्जन मिरवणुकीचा तसा केलेला नाही. ढोल-ताशे आणि लेझीम घेऊन निघालेल्या मंडळाला हा प्रश्नच पडत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी व शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणाला, प्रेक्षक पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असतील तर, वेगळी सूट आहे.

लग्नातील गाण्यांचे काय? रिसॉर्टवाले म्हणतात परवाना आणा, नातेवाईक म्हणतात गरज नाही.

कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘धार्मिक विधी’ या शब्दांत लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ यांचा समावेश केलेला आहे. केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने २४ जुलै २०२३ रोजी सूचना काढून लग्नसमारंभात गाणी वाजवल्याबद्दल रॉयल्टी मागू नये, असे सांगितले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढले आणि तक्रारींवर कारवाईचा इशारा दिला. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले.

या निकालाचा अर्थ ‘लग्नालाही पैसे भरा’ असा काहींनी लावला, तो चुकीचा आहे. कलम ५२ जागेवरच आहे. कोणता समारंभ सुटीत बसतो हे ठरवण्याचे काम परिपत्रकाने करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. हळद, संगीत, वरात, स्वागतसमारंभ येथे यजमानाची बाजू भक्कम आहे. पण अलिबागला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर तीन दिवसांचे लग्न करून शेवटच्या रात्री बाहेरच्या लोकांना तिकिटावर घेतले, तर ती बाजू राहत नाही. रिसॉर्टच्या उपाहारगृहात त्याच दिवशी इतर पाहुण्यांसाठी जी गाणी चालू असतात, त्यांचा लग्नाशी काही संबंध नाही. तो रिसॉर्टचा व्यवसाय आहे.

तारकर्लीला आमचा छोटा होमस्टे आहे. ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावतो. परवाना लागेल का?

पाहुण्याने स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मोबाइलवर ऐकले तर नाही. तुम्ही जेवणाच्या पडवीत, अंगणात किंवा किनाऱ्यावरच्या झोपडीत सर्व गिऱ्हाइकांसाठी लावली, तर होय. सर्वांना सामायिक असलेल्या बंदिस्त जागेत ध्वनिमुद्रण ऐकवण्याची जी सूट राहत्या इमारतींना आहे, त्यातून हॉटेल आणि तत्सम व्यावसायिक जागा कायद्यानेच वगळल्या आहेत. गाणी ऐकवणाऱ्या ॲपची महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी ती खासगी ऐकण्यासाठी असते. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीवरही हाच नियम.

परवाना द्यायचा अधिकार कोणाला असतो? दर वर्षी वेगळाच माणूस पावतीपुस्तक घेऊन येतो.

शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि संगीतप्रकाशक यांची नोंदणीकृत संस्था आहे. ती १९६९ साली स्थापन झाली. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल आणि नोव्हेक्स या कंपन्या त्यांच्याकडे असलेल्या संगीतकंपन्यांच्या भांडारापुरते परवाने देतात. म्हणून एकच पावती घेऊन सगळे मिटले असे होत नाही.

नोंदणीकृत कॉपीराइट संस्था नसलेल्या कंपनीला असे परवाने देता येतात का, यावर न्यायालयांत मतभेद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये, हक्क रीतसर विकत घेतलेली कंपनी मालक म्हणून परवाना देऊ शकते, असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हा वाद चालू आहे म्हणून गाणी फुकट झाली, असा निष्कर्ष काढू नये.

दारात आलेल्या माणसाकडून तीन गोष्टी मागाव्यात: अधिकारपत्र, ज्या गाण्यांवर हक्क सांगितला जातो त्यांची यादी, आणि जाहीर केलेले दरपत्रक. रोख रक्कम देऊ नये. संस्थेच्या बँकखात्यात भरून परवान्याची प्रत घ्यावी. खोट्या दमदाटीविरुद्ध कायद्यातच उपाय आहे: कलम ६० प्रमाणे निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्ही स्वतः दिवाणी दावा लावू शकता.

आमचे दशावताराचे नाटक कोणीतरी रात्रभर मोबाइलवर चित्रित करतो आणि सकाळी स्वतःच्या चॅनेलवर टाकतो. काही करता येते का?

करता येते, आणि करायला हवे. या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे कोकणातला कलावंत लुटणाऱ्यांच्या नव्हे, लुटल्या जाणाऱ्यांच्या रांगेत आहे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे रंगपटात तोंडाला रंग लावता लावता प्रवेशांची जुळवाजुळव करतात, आणि संवाद मंचावर उभे राहिल्यावर सुचतात. नाट्यकृतीला कॉपीराइट मिळण्यासाठी तिची मांडणी लिखित किंवा अन्य रूपात निश्चित झालेली असावी लागते. त्यामुळे त्या रात्रीच्या संवादांवर नाटककार म्हणून हक्क सांगणे अवघड जाते. पण सादरकर्त्याचा हक्क याहून वेगळा आहे आणि त्याला संहितेची गरज नाही. कायद्यातील सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा नावानिशी येतात; तेव्हा राजपार्टी, स्त्रीपार्टी, संकासूर आणि पेटी-पखवाज-झांजवाले त्यात आहेत हे सांगायला नको.

या हक्कानुसार कलावंताच्या संमतीशिवाय त्याच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येत नाही आणि ते लोकांपर्यंत पोहोचवताही येत नाही. कलम ३९ मधील सवलत केवळ स्वतःच्या खासगी वापरापुरती, अभ्यास-अध्यापनासाठी किंवा बातमी-समीक्षेत छोटा अंश दाखवण्यापुरती आहे. चार तासांचे नाटक चॅनेलवर टाकून जाहिरातींचे पैसे घेणे यांपैकी कशातही बसत नाही. जत्रेला बोलावणाऱ्या देवस्थान समितीने चित्रीकरणाला हो म्हटले, एवढ्याने कलावंतांची संमती होत नाही. मानधन कार्यक्रमाचे दिलेले असते, चित्रीकरणाचे नव्हे.

कंपनीच्या मालकाने सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे काम, घेतानाच कागदावर एक ओळ घालावी: “चित्रीकरण व प्रक्षेपण यांस कंपनीची आणि कलावंतांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक राहील.” चित्रीकरणाला परवानगी द्यायची असेल तर रक्कम, चॅनेलचे नाव, मुदत आणि कलावंतांमधील वाटणी लिहून घ्यावी. परवानगीविना टाकलेल्या चित्रफितीबद्दल यूट्यूबच्या कॉपीराइट तक्रार अर्जाचा मार्ग आहे, पण तो अर्ज मुख्यतः कॉपीराइटच्या मालकासाठी असल्याने, फक्त सादरकर्त्याचा हक्क असेल तेव्हा वकिलामार्फत चॅनेलचालकाला नोटीस देणे अधिक उपयोगी पडते. माझा अनुभव असा, की बहुतेक चॅनेलवाले गावचेच असतात आणि पहिल्या पत्रालाच बोलणी करायला येतात.

ट्रिकसीन नाटकांत, म्हणजे करामतींनी चमत्काराची दृश्ये दाखवणाऱ्या दशावतारी नाटकांत, पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटांची आणि मालिकांची तयार ध्वनिमुद्रणे वाजवली जातात. तेथे कंपनी स्वतःच दुसऱ्याच्या मालावर उभी असते, आणि चित्रफीत टाकल्यावर सर्वांत आधी तेच संगीत पकडले जाते.

यूट्यूबवर आमच्याच आरतीवर ‘कॉपीराइट क्लेम’ आला आहे. चॅनेल बंद होईल का?

क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम बहुतेक वेळा यंत्रणा आपोआप करते. चित्रफीत राहते, पण जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे वळतात किंवा काही ठिकाणी ती दिसेनाशी होते. स्ट्राइक ही हक्कधारकाच्या रीतसर तक्रारीवरून येते. ती ९० दिवस टिकते आणि तेवढ्या काळात तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते.

आमच्या वाडीच्या आरतीवर असाच क्लेम आला होता. पेटी, मृदंग, झांजा आणि तीस-चाळीस घसे. मागे पावसाचा आवाज आणि मध्येच एका काकांचे मोठ्याने खोकणे. तरीही एका संगीतकंपनीच्या आरतीशी यंत्राने ती जुळवली, कारण चाल सर्वत्र म्हटली जाणारी एकच. आम्ही आक्षेप नोंदवताना तीनच वाक्ये लिहिली: शब्द सतराव्या शतकातले असून चाल परंपरेने चालत आलेली आहे, ध्वनिमुद्रण आम्ही स्वतः अमुक तारखेला घरी केले, तुमच्या ध्वनिमुद्रणाचा कोणताही अंश यात नाही. आक्षेपाला उत्तर देण्यासाठी दावेदाराला ३० दिवस मिळतात. मुदतीच्या आतच क्लेम मागे घेतला गेला. मूळ फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवलेली होती, हे कामी आले.

आक्षेप नोंदवण्याआधी आपली बाजू खरी आहे ना, हे मात्र स्वतःशी तपासावे. मागे कोणाच्या तरी टीव्हीवर चित्रपटगीत वाजत असेल, तर तेवढा भाग कापून टाकणे शहाणपणाचे.

जुने गाणे स्वतःच्या आवाजात गाऊन टाकले, म्हणजे कव्हर केले, तर?

शब्द आणि चाल परकी असल्याने परवानगी लागते. कलम ३१सी मध्ये कव्हरसाठी कायदेशीर परवान्याची सोय आहे, परंतु तिच्या अटी पाहता ती मोठ्या कंपन्यांसाठीच आहे: मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावीत, आधी सूचना द्यावी, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी. यूट्यूबवर अनेक हक्कधारक कव्हर राहू देतात आणि उत्पन्न स्वतःकडे वळवतात. ही त्यांची सवलत आहे, तुमचा हक्क नाही. कराओके ट्रॅकवर गात असाल तर तो ट्रॅक कोणाचा हेही पाहावे, कारण ते एक स्वतंत्र ध्वनिमुद्रण आहे.

मी गाणे लिहिले, मित्राने चाल लावली, एका निर्मात्याने पैसे घालून अल्बम केला. आता तो म्हणतो सगळे त्याचे. हे बरोबर आहे का?

कागद काय म्हणतो त्यावर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे कागदच नसतो. “घरचोच माणूस, तेका काय लिवान देवचा?” या एका वाक्याने कोकणातल्या किती गीतकारांची गाणी गेली, त्याची मोजदाद नाही.

ध्वनिमुद्रण निर्मात्याचे, हे मान्य. शब्द आणि चाल मात्र लेखी, सही केलेल्या हस्तांतरणाशिवाय त्याच्याकडे जात नाहीत. तोंडी ‘दिले’ म्हटल्याने मालकी बदलत नाही. हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर ते हक्क परत येतात.

रॉयल्टीच्या बाबतीत २०१२ ची दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. त्याआधी, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालानंतर, चित्रपटासाठी मोबदला घेऊन काम करून देणारा गीतकार किंवा संगीतकार निर्मात्यापुढे जवळपास हतबल होता. आता चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून गाण्याचा जो अन्य वापर होईल, त्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा आहे, आणि तो वाटा सोडून देण्याचा करार त्यांना करता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. चित्रपटाबाहेरच्या अल्बममधील गाण्यांनाही हे संरक्षण आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले, रॉयल्टी मागणार नाही’ असे छापील वाक्य असलेल्या कागदावर कोणी सही करून घेतली असेल, तर रॉयल्टीपुरते ते वाक्य पोकळ आहे.

आणि नाव. श्रेयावर नाव असण्याचा आणि कृतीची मोडतोड करून बदनामी होऊ न देण्याचा हक्क कलम ५७ नुसार हस्तांतरणानंतरही कर्त्याकडेच राहतो.

कॉपीराइटची नोंदणी करावीच लागते का?

नाही. कृती निर्माण होताच हक्क मिळतो. तरीही नोंदणीचा दाखला न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, म्हणून महत्त्वाच्या गाण्यांची ती करावी. अर्ज ऑनलाइन करता येतो. साहित्यकृती किंवा संगीतकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. गाणे लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायचे आणि पाकीट न फोडता ठेवायचे, हा आपल्याकडचा जुना उपाय नोंदणीची जागा घेत नाही. चाल बांधली की त्याच दिवशी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्यांना ईमेल करणे त्याहून बरे. तारीख आपोआप नोंदली जाते.

एआय वापरून दिवंगत किंवा प्रसिद्ध गायकाच्या आवाजात गजर तयार करता येतो. टाकावा का?

टाकू नये. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात, त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्या साधनांना अंतरिम आदेशाने मनाई केली आणि आवाज हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भाग मानला. दिवंगतांच्या बाबतीत या हक्काचा प्रश्न कमी स्पष्ट आहे, परंतु ज्या ध्वनिमुद्रणांवरून नक्कल केली त्यांचा कॉपीराइट बहुधा जिवंत असतो.

पोलीस डीजेचे सामान उचलून नेऊ शकतात का?

नेऊ शकतात. जाणूनबुजून केलेला भंग हा कलम ६३ खाली गुन्हा आहे: किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात केलेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी भंग करणाऱ्या प्रती आणि त्या बनवण्याचे साहित्य वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. तसे झाल्यास वाद न घालता पंचनाम्याची प्रत मागावी, प्रत्येक स्पीकर, मिक्सर आणि लॅपटॉप क्रमांकासह त्यात लिहिला आहे का ते पाहावे, आणि सामान भाड्याचे असेल तर त्याची पावती त्याच वेळी दाखवावी. नंतर न्यायालयातून सामान सोडवताना मालकी सिद्ध करण्यात जे महिने जातात, ते बहुतेक या एका पावतीअभावी जातात.